स्थानिक कोणाला म्हणायचे?

परदेशी निघालेल्या माणसाला हल्ली एक उपदेश हमखास ऐकावा लागतो. प्रवासी कंपन्यांच्या पुस्तिका, वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या, विमानातली गुळगुळीत मासिके, सगळीकडे एकच सूर असतो : शहर पर्यटकासारखे पाहू नका, स्थानिकासारखे पाहा. तिथला माणूस जिथे न्याहारी करतो तिथे न्याहारी करा, तो संध्याकाळी जिथे पाय मोकळे करतो तिथे पाय मोकळे करा. उपदेश वाईट नाही. ग्रीसमधील योआनिना या तळ्याकाठच्या जुन्या शहरात मी चार दिवस तो इमानेइतबारे पाळला. पाचव्या दिवशी निघताना मात्र एक प्रश्न बरोबर घेऊन निघालो. स्थानिक म्हणजे कोण, आणि ते ठरवायचे कोणी? शंभर वर्षांपूर्वी याच प्रश्नाच्या उत्तरावर त्या शहरातील कितीतरी घरांना कायमची कुलपे लागली. तोच प्रश्न आपल्याला, मराठी बोलणाऱ्या मुसलमानांना, वेगळ्या शब्दांत अधूनमधून विचारला जातो. म्हणून हा लेखप्रपंच.

आमच्या रत्नागिरीकडच्या मुसलमान घरांतून जहाजावर जाण्याची रीत जुनी आहे. माझा भाचाही एका ग्रीक मालकाच्या जहाजावर आहे. जहाज दुरुस्तीसाठी पिरेयस बंदराला लागले तेव्हा त्याने बोलावले आणि मी गेलो. अथेन्स पाहून झाल्यावर तो म्हणाला, "मामू, तुम्ही जन्मभर शाळेत इतिहास शिकवलात. आता यानेनाला जाऊन या. तिथे मशिदी आहेत, पण त्यांत नमाज पढणारे कोणी उरले नाहीत."

योआनिना हे कागदावरचे नाव. गावचा माणूस यानेना म्हणतो. उस्मानी तुर्क त्याला यान्या म्हणत. अथेन्सहून मोटारीने पाच-सहा तासांचा रस्ता. वाटेत कोरिंथच्या आखातावर २००४ साली बांधलेला जवळजवळ तीन किलोमीटरचा पूल लागतो. मग डोंगर सुरू होतात आणि डोंगरांच्या कुशीत पाम्वोतिदा नावाचे तळे दिसते. तळ्यात शिरलेल्या खडकावर तटबंदीचा किल्ला, किल्ल्यात दोन मशिदींचे मिनार, तळ्याच्या मधोमध वस्ती असलेले एक बेट. एपिरस प्रांताचे हे मुख्य ठिकाण. अथेन्सला किंवा बेटांवर लोटणारी परदेशी माणसे इकडे फारशी फिरकत नाहीत.

वाचकांपैकी कोणी गेलेच तर कसे फिरावे, हे आधी सांगतो. सकाळी बेकरीत जावे आणि पालकाची किंवा चीजची पिता घ्यावी. कागदासारख्या पातळ पदरांत सारण भरून भाजलेला हा पदार्थ एपिरसच्या बायकांची खासियत आहे. मांस हलाल की नाही, या चिंतेत पडायचे कारण उरत नाही. मग किल्ल्यात शिरावे. आपल्याकडे किल्ला म्हटला की ओसाड बुरूज आणि गवत डोळ्यांपुढे येते. यानेनाच्या किल्ल्यात आजही माणसे राहतात. दोरीवर कपडे वाळत असतात, उंबऱ्यावर मांजरे पडलेली असतात. दुपारी होडीने बेटावर जावे. तिथल्या खानावळींत ट्राऊट आणि वाम मासा मिळतो, आमच्या कोकणी जिभेला तो परका वाटत नाही. बेडकांच्या तंगड्याही मिळतात. त्या मी सोडून दिल्या. संध्याकाळी तळ्याकाठी चिनारांच्या सावलीत सारे गाव फेऱ्या मारते, त्यात मिसळावे. मिठाईच्या दुकानात बक्लावा मागावा, दुकानदार आनंदाने देतो. चांदीच्या बारीक तारकामासाठी हे गाव पूर्वीपासून नावाजलेले आहे. ती दुकाने पाहावीत.

इतके केले की तुम्ही स्थानिकासारखे फिरलात, असे पुस्तिका म्हणेल. पण मग अस्लान पाशाच्या मशिदीत जावे.

ही मशीद १६१८ सालची. तळ्यावर अगदी कड्याशी उभी आहे. ओसरीत नमाजींच्या चपला-जोड्यांसाठी भिंतीत केलेले कोनाडे अजून शाबूत आहेत. आता तिकीट काढून, पायातले न काढता आत जायचे, कारण १९३३ पासून तिथे नगरपालिकेचे वस्तुसंग्रहालय आहे. आत तीन समाजांच्या वस्तू मांडल्या आहेत : ख्रिस्ती, ज्यू आणि मुसलमान. कपडे, भांडी, हत्यारे, धर्मग्रंथ. गावातली दुसरी एक जुनी मशीद, कालूच्यानी नावाची, बाजारात आहे आणि तिच्या तळमजल्यावर दुकाने आहेत. चौकातला घड्याळाचा मनोरा १९०५ सालचा, सुलतान अब्दुल हमीदच्या गौरवासाठी उभारलेला. घड्याळ गावाला आजही वेळ सांगते.

मी बराच वेळ त्या कोनाड्यांसमोर उभा होतो. आपल्यापैकी कोणीही तिथे उभा राहिला तर मनात पहिला विचार काय येईल, ते मला ठाऊक आहे. माझ्याही मनात तोच आला : 'आपली' मशीद, 'त्यांनी' बंद केली. या 'आपली' आणि 'त्यांनी' या दोन शब्दांविषयीच मला बोलायचे आहे. कारण या दोन शब्दांनीच यानेनाच्या मुसलमानांचा घात केला.

प्रथम हे लक्षात घेतले पाहिजे, की यानेनाचे बहुतेक जुने मुसलमान घरात ग्रीक बोलत. तुर्की ही त्यांच्या दृष्टीने सरकारी भाषा, अरबी ही नमाजेची. आईने मुलाला झोपवताना जी भाषा वापरायची, बाजारात भाव करताना जी वापरायची, ती ग्रीकच. काही जण तर अरबी-तुर्की लिपीत ग्रीक मजकूर लिहीत. ही गोष्ट आपल्याला नवलाची वाटू नये. सतराव्या शतकात श्रीगोंद्याच्या शेख महंमदांनी 'योगसंग्राम' मराठीत लिहिला तेव्हा भाषा कोणत्या धर्माची, हे कोणाला विचारले नव्हते. आदिलशाहीतील कितीतरी कागद फार्सी आणि मराठी अशा दोन्ही भाषांत आहेत. यानेनाचा प्रसिद्ध अली पाशा जन्माने अल्बेनियन मुसलमान होता. त्याने १७८८ ते १८२२ पर्यंत या शहरातून कारभार केला. त्याच्या दफ्तरातले कागद अथेन्सच्या जेनाडियस ग्रंथालयात आहेत आणि ते बहुतेक ग्रीक भाषेत आहेत. पाशा मुसलमान, दफ्तर ग्रीक. राज्य करणाऱ्यालाही रयतेच्या भाषेशिवाय चालत नाही.

शहरातले ज्यूही ग्रीकच बोलत. रोमानियोत म्हणून ओळखला जाणारा हा समाज कित्येक शतके तिथे नांदत होता. मंदिर, चर्च आणि मशीद वेगवेगळी, पण तळ्याकाठी तिन्ही समाजांची बोली एक.

आता इथे थांबून 'काय सुंदर मिलाफ होता' असे म्हणायचा मोह होतो. आपल्या व्यासपीठांवर तो फार होतो. गंगा-जमनी तहजीब, उरूस, ताबूत, एका ताटात जेवणे यांची चार उदाहरणे दिली की टाळ्या पडतात आणि आपण घरी जातो. यानेनाचा इतिहास इतका सोपा नाही आणि आपलाही नाही. १४३० साली शहराने सिनान पाशापुढे शरणागती पत्करली ती अटींवर. ख्रिस्ती लोकांची चर्चे आणि मालमत्ता सुरक्षित राहतील, असे लेखी वचन त्याने ग्रीक भाषेत दिले होते. १६११ साली दियोनिसियोस या बिशपाच्या नेतृत्वाखाली ख्रिस्ती शेतकऱ्यांचे बंड झाले, ते चिरडले गेले आणि किल्ल्यात राहणाऱ्या ख्रिस्ती लोकांना बाहेर काढण्यात आले. ज्यांचा बंडाशी संबंध नव्हता त्यांनाही काढले. त्यानंतर किल्ल्यात मुसलमान आणि ज्यू राहिले. अस्लान पाशाची मशीद ज्या जागी उभी आहे तिथे आधी संत योहानाचे धर्मस्थान होते. म्हणजे मी ज्या कोनाड्यांसमोर हळहळत होतो, त्यांच्या पायाखाली दुसऱ्या कोणाची हळहळ गाडलेली होती. 'स्थानिक' कोण हे धर्मावरून ठरवण्याची सुरुवात १९२३ ला झाली नाही. आपण सत्तेवर होतो तेव्हा आपणही ते केले होते.

हे कटू असले तरी सांगितले पाहिजे, कारण आपल्याकडे सध्या उस्मानी सल्तनतीचे भलते वेड आले आहे. तरुण मुले एर्तुग्रुलची तुर्की मालिका उर्दूत पाहतात आणि त्यातल्या तलवारींना आपला इतिहास समजतात. कोकणातल्या, सोलापुरातल्या, बीडमधल्या मुलाचा आणि त्या तलवारींचा संबंध काय? त्याच्या आजोबांनी भात लावला, माग चालवला, विडीचा कारखाना चालवला. २०२० च्या जुलैत इस्तंबूलच्या आयासोफिया संग्रहालयाची पुन्हा मशीद झाली तेव्हा आपल्यातल्या काही जणांनी एकमेकांना मुबारकबाद दिली. मला तेव्हाही ते रुचले नाही आणि यानेना पाहिल्यावर तर अजिबात रुचत नाही. अस्लान पाशाच्या मशिदीत नमाज होत नाही म्हणून डोळे पुसायचे आणि आयासोफियात होऊ लागली म्हणून पेढे वाटायचे, या दोन गोष्टी एका माणसाला एका तोंडाने करता येणार नाहीत. १९९२ नंतर आपण या देशात जो न्याय मागतो तो तत्त्वावर उभा आहे. तत्त्व आपल्या सोयीने वाकवले तर उद्या आपल्या मागणीत जोर राहणार नाही.

आणि तो अली पाशा? त्याने ग्रीक शाळांना आसरा दिला, किल्ला नव्याने बांधला, इंग्रज कवी बायरनचे १८०९ साली आदरातिथ्य केले. त्यानेच १८०१ साली फ्रोसिनी नावाच्या स्त्रीला इतर अनेक स्त्रियांसह तळ्यात बुडवून मारले. ही कहाणी गावात आजही सांगतात. १८२२ च्या सुरुवातीला बेटावरच्या मठात त्याला मारणारे सैनिक कोणाचे होते? इस्तंबूलच्या सुलतानाचे. त्याचे शिर राजधानीला पाठवले, धड यानेनात पुरले. मठाच्या फरशीच्या लाकडातली गोळ्यांची भोके पर्यटकांना दाखवतात. इस्लामच्या वैभवाचा हा कोणता अध्याय, ते मला समजावून सांगावे. तो एका सत्ताधीशाचा दुसऱ्या सत्ताधीशाने केलेला निकाल होता. रयतेचा त्यात संबंध इतकाच, की दोघांनाही कर तिनेच भरला.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. १९१३ च्या मार्चमध्ये यानेना ग्रीक सैन्याच्या ताब्यात गेले. शहराचा बचाव करणारा उस्मानी सेनापती एसाद पाशा हा यानेनातच जन्मलेला. ज्या शहराच्या शरणागतीवर त्याला सही करावी लागली ते त्याचे जन्मगाव होते. तरीही पुढची दहा वर्षे गावातील बरेच मुसलमान तिथेच राहिले, ग्रीसचे नागरिक म्हणून. मग ग्रीस-तुर्कस्तान युद्ध झाले, त्यात ग्रीसचा पराभव झाला आणि ३० जानेवारी १९२३ रोजी लोझान येथे दोन्ही सरकारांनी लोकसंख्येच्या अदलाबदलीच्या करारावर सह्या केल्या. तुर्की हद्दीतील ग्रीक ऑर्थोडॉक्स धर्माचे लोक ग्रीसमध्ये जातील, ग्रीक हद्दीतील मुसलमान धर्माचे लोक तुर्कस्तानात जातील. अदलाबदल सक्तीची. सरकारच्या परवानगीशिवाय परत येऊन राहता येणार नाही. इस्तंबूलचे ग्रीक आणि पश्चिम थ्रेसचे मुसलमान अशांना वगळले होते. यानेनाच्या ग्रीक बोलणाऱ्या मुसलमानांना ती सवलत नव्हती.

करारात भाषेचा रकाना नव्हता. तुम्ही घरात काय बोलता, तुमचे आईवडील कुठे पुरले आहेत, तुम्हाला कुठे राहायचे आहे, यांतले काहीही विचारले गेले नाही. धर्म हा एकच रकाना. त्या एका रकान्याने सुमारे बारा लाख ख्रिस्ती आणि साडेतीन ते चार लाख मुसलमान आपापल्या गावांतून उठवले. यांतले अनेक ख्रिस्ती युद्धाच्या धामधुमीत आधीच पळून आले होते, करारामुळे त्यांचा परतीचा रस्ता बंद झाला. मध्य अनातोलियातील करामानली ख्रिस्ती तुर्की बोलत, ग्रीक लिपीत तुर्की लिहीत. ते ग्रीसमध्ये आले तेव्हा त्यांना ग्रीक येत नव्हते. यानेनाचे आणि क्रीट बेटाचे मुसलमान ग्रीक बोलत. ते तुर्कस्तानात गेले तेव्हा त्यांतल्या पुष्कळांना तुर्की येत नव्हते. म्हणजे ग्रीक बोलणाऱ्यांना तुर्कस्तानात पाठवले, तुर्की बोलणाऱ्यांना ग्रीसमध्ये आणले आणि याला दोन राष्ट्रांचे शुद्धीकरण असे नाव दिले. यानेनाच्या कडेला आज अनातोली, बाफ्रा, नेओकेसारिया अशी वस्त्यांची नावे दिसतात. तिकडून आलेल्या ख्रिस्ती विस्थापितांनी सोडून आलेल्या मुलखाची नावे इथल्या मातीला दिली.

इथे आपल्यातला एक वर्ग मला अडवील आणि म्हणेल : बघा, ते तुमच्यासारखेच होते. ग्रीक बोलत होते, ग्रीकांसारखे खात-पीत होते, तरी शेवटी मुसलमान म्हणूनच हाकलले गेले. मग तुमच्या मराठीचा काय उपयोग? मराठी साहित्य संमेलने भरवा, मराठी वार्षिकांक काढा, वेळ आली की तुमचे नावच पाहिले जाणार. त्यापेक्षा आपली मिल्लत एक, जबान एक ठेवलेली बरी.

हा युक्तिवाद मी लग्नात, जनाजानंतर, मदरशाच्या जलशात ऐकला आहे. तो ऐकताना रक्त उसळते, पण त्याला उत्तर देणे भाग आहे. उत्तर यानेनाच देते, फक्त गोष्ट अर्ध्यावर सोडता कामा नये. तुर्कस्तानात पोचलेल्या या मुसलमानांचे पुढे काय झाले? धर्म एक होता, कलमा एक होता. पण तोंडातून ग्रीक शब्द बाहेर पडला की त्यांना 'अर्धे काफिर' म्हणून हिणवले जाई. १९२८ च्या जानेवारीत इस्तंबूलच्या कायद्याच्या विद्यार्थ्यांनी 'नागरिका, तुर्की बोल' ही मोहीम सुरू केली. ट्रामवर, बोटींवर, दुकानांत फलक लागले. काही नगरपालिकांनी दुसरी भाषा बोलणाऱ्यांना दंड केले. ती मोहीम मुख्यतः ज्यू, ग्रीक, आर्मेनियन यांच्याविरुद्ध होती, पण ग्रीक बोलणारा मुसलमानही तिच्या तडाख्यातून सुटला नाही. आज्या घरात दार लावून ग्रीक बोलत राहिल्या, मुलांनी ती फक्त ऐकली, नातवंडांना ती उरली नाही. ग्रीसमध्ये त्याच वेळी अनातोलियाहून आलेल्या ख्रिस्ती विस्थापितांना 'तुर्कांचे बी' म्हणत होते.

तेव्हा सांगा, धर्माने तरी वाचवले का? भाषेने यानेनात वाचवले नाही आणि धर्माने इस्तंबूलमध्ये वाचवले नाही. ज्यांनी 'आमचे-तुमचे' धर्मावरून ठरवले त्यांनीच दुसऱ्या दिवशी ते भाषेवरून ठरवले. गाळणी एकदा हातात आली की तिची छिद्रे बारीक होत जातात. आपल्या उपखंडातही हेच झाले. पाकिस्तान धर्माच्या नावाने झाले, आणि पाचच वर्षांत, २१ फेब्रुवारी १९५२ रोजी, ढाक्यात बंगाली भाषेसाठी उभ्या राहिलेल्या मुलांवर गोळ्या चालल्या. मारणारे आणि मरणारे एकाच किब्ल्याकडे तोंड करून नमाज पढणारे होते. मिल्लत एक म्हणजे जबान एक, हे सूत्र तिथे तेव्हाच फुटले होते. १९७१ साली देशही फुटला.

भाषा ही विम्याची पावती नव्हे. संकट आले की दाखवायची आणि भरपाई घ्यायची, असा तिचा व्यवहार नसतो. मी मराठीत लिहितो ते कोणी मला वाचवावे म्हणून नव्हे. मराठीत माझी आई रागावली, मराठीत मी पाढे शिकलो, मराठीत माझ्या वडिलांचा सातबारा आहे. मला जी वाचवील ती नागरिकत्वाची हमी, कायद्यापुढची समानता, धर्म न विचारणारी राज्यघटना. यानेनाच्या मुसलमानाजवळ नेमकी ती हमी नव्हती. दोन सरकारे त्याच्या डोक्यावरून सह्या करून मोकळी झाली आणि त्याला विचारण्याची गरज कोणत्याच कायद्याने त्यांना भासली नाही. म्हणून ज्याला भीती वाटते त्याने घटनेशी आपली गाठ घट्ट करावी. भाषा सोडून काय मिळणार? घर सोडायच्या आधीच आपण होऊन घर रिकामे करून देण्यासारखे ते आहे.

आता दुसऱ्या बाजूलाही दोन शब्द. "तुम्ही मुसलमान असून मराठी किती छान बोलता!" हे वाक्य ऐकले नाही असा आपल्यात कोणी नसेल. बोलणारा बहुधा भला माणूस असतो, त्याला कौतुकच करायचे असते. त्याला शांतपणे सांगावे, की बाबा रे, हे कौतुक म्हणजे लोझानचा तोच एक रकाना आहे. ज्या अमर शेखांच्या बुलंद आवाजाने संयुक्त महाराष्ट्राच्या सभा भारून टाकल्या, ते बार्शीचे शाहीर मराठी 'छान' बोलत नव्हते, ती त्यांची भाषा होती. १९९० साली सोलापूरला पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, ते काही परक्या भाषेतले प्रावीण्य दाखवायला नव्हे. पण मग आपणही घरी आल्यावर मराठीत लिहिणाऱ्या भाच्याला "उर्दू येत नाही वाटतं?" असे विचारणे सोडले पाहिजे. दोन्ही प्रश्न एकाच झाडाची फळे आहेत. उर्दूचे मला वावडे नाही. ज्याच्या घरात उर्दू किंवा दखनी बोलली जाते त्याने ती अभिमानाने बोलावी, लिहावी. फक्त कुराण ज्या भाषेत उतरले ती उर्दू नव्हती, इतके ध्यानात ठेवावे.

यानेनाची एक गोष्ट राहिली. २५ मार्च १९४४ रोजी, ग्रीसच्या राष्ट्रीय दिनी, जर्मन सैन्याने शहरातील सुमारे १,८५० ज्यू गोळा केले आणि आउश्वित्झला पाठवले. फार थोडे परतले. ग्रीक बोलणारा तो दुसरा समाजही पुसला गेला. किल्ल्यातले १८२९ साली पुन्हा बांधलेले त्यांचे प्रार्थनामंदिर तेवढे उभे राहिले. पण त्या उरलेल्या मूठभर घरांनी गाव सोडले नाही. २०१९ साली त्याच शहराने मोझेस एलिसाफ या ज्यू डॉक्टरांना नगराध्यक्ष निवडले. ग्रीसमधले ते पहिले ज्यू नगराध्यक्ष. तेव्हा गावात ज्यू जेमतेम पन्नासएक होते. अर्थात मते ख्रिस्ती शेजाऱ्यांनीच दिली. २०२३ च्या फेब्रुवारीत, पदावर असतानाच ते वारले. ज्या शहराने १९२३ आणि १९४४ पाहिले, त्या शहराने २०१९ सुद्धा पाहिले. माणसे शहाणी होऊ शकतात, गावे शहाणी होऊ शकतात. मात्र त्यासाठी कोणीतरी 'मी इथलाच' म्हणत तिथे उरलेला असावा लागतो. यानेनाच्या मुसलमानांमध्ये असे म्हणायला कराराने कोणी ठेवले नाही. त्यांच्या वस्तू तिकीट काढून पाहायच्या.

आपण उरलो आहोत. आपल्या मशिदीत अजान होते, आपल्या अंगणात मराठी बोलली जाते, आपला अंकही मराठीत निघतो. तेव्हा वाचकहो, एक साधी गोष्ट करा. जनगणनेचा माणूस दारात येईल. तो नाव विचारील आणि नाव ऐकताच मातृभाषेच्या रकान्यात न विचारता काहीतरी लिहायला घेईल. त्याचा हात धरा. तुमच्या घरात जी भाषा बोलली जाते तीच लिहायला सांगा आणि त्याने लिहिलेले वाचून पाहा. यानेनाच्या मुसलमानाला हा रकाना मिळाला नव्हता. आपल्याला मिळाला आहे, तो दुसऱ्याला भरू देऊ नका.